सांगलीवाडीतलं घर, नवा कॉम्प्युटर आणि चाळीस कॅसेटी

सर, तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत आधी मांडते, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असेल तर लगेच कळेल. सांगलीवाडीत घरी नवा डेस्कटॉप घेताय. एक दुकानदार २५६ जीबीची एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी डिस्क) आणि सोबत १ टीबीची हार्ड डिस्क लावून देतो म्हणतो. दुसरा म्हणतो हार्ड डिस्क आता कशाला, १ टीबीची एकच एनव्हीएमई, म्हणजे जास्त वेगाच्या जोडणीची एसएसडी घ्या. पुतण्याचं म्हणणं, दोन सारख्या डिस्क घेऊन रेडमध्ये जोडा, एक गेली तरी दुसरीत सगळं राहील. शिवाय जुन्या कॉम्प्युटरमधली २०१४ ची ५०० जीबीची डिस्क नव्यात बसवावी का, हेही विचारलंय. काम म्हणाल तर शाळेची कागदपत्रं, मुलाचं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, घरचे दोनशे जीबी फोटो-व्हिडिओ, आणि वडिलांच्या भजनांच्या चाळीस कॅसेटी, ज्या तुम्ही एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवताय.

मी सांगलीत गावभागात २००३ पासून कॉम्प्युटर जोडण्याचं आणि दुरुस्तीचं दुकान चालवते. बंद पडलेल्या डिस्कमधून डेटा काढायचं कामही बरंच केलं. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेत. कॉम्प्युटर अडखळत चालू नये म्हणून आत कोणती डिस्क लावायची, हा एक. आणि वडिलांचा आवाज वीस वर्षांनीही ऐकता यावा म्हणून काय करायचं, हा दुसरा. तुम्हाला सल्ला देणाऱ्या तिघांनीही दुसऱ्याचं उत्तर कॅबिनेटमध्येच शोधलंय. ते तिथे मिळत नाही. आधी सोपा भाग संपवू.

हार्ड डिस्क हळू का, हे समजलं की बाकीचं आपोआप सुटतं. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी चकती सेकंदाला १२० वेळा फिरते, म्हणजे एका फेऱ्याला सव्वाआठ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, आणि त्याआधी हेडला सरकून योग्य पट्ट्यावर पोचावं लागतं. दोन्ही मिळून बारा-तेरा मिलिसेकंद गेले. म्हणजे इकडेतिकडे विखुरलेले तुकडे वाचायचे असतील तर सेकंदाला ऐंशी-शंभराच्या आसपास. विंडोज सुरू होताना असे हजारो बारीक तुकडे वाचतं. म्हणून जुना कॉम्प्युटर सुरू करून तुम्ही चहा टाकायला जाऊ शकत होता. एसएसडीत फिरणारं काही नसतं, ती असे तुकडे सेकंदाला हजारोंनी देते. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आल्यावर जो फरक पडतो तो घरातल्या कुणालाही सांगावा लागत नाही.

पण साटा, म्हणजे जुन्या जोडणीच्या एसएसडीवरून एनव्हीएमईवर गेल्यावर तितका फरक जाणवत नाही. साटाची सेकंदाला साडेपाचशे एमबीपर्यंत मजल, तिसऱ्या पिढीच्या एनव्हीएमईची साडेतीन हजारांपर्यंत, चौथ्या पिढीची सातेक हजार. खोक्यावर मोठ्या अक्षरात असतात ते हेच आकडे, आणि ते सलग मोठी फाइल वाचतानाचे आहेत. वर्डची फाइल उघडताना, ब्राउझर चालवताना, मुलाचा प्रोग्राम कंपाइल होताना बारीक तुकड्यांचंच काम असतं, तिथे हे आकडे उपयोगाला येत नाहीत. तरीही तुम्ही एनव्हीएमईच घ्या, कारण नव्या मदरबोर्डवर तिची जागा असतेच आणि केबल लागत नाही. फक्त पाचव्या पिढीच्या नावाखाली जास्तीचे पैसे देऊ नका. ती जास्त तापते, आणि तुमच्या कामाला तिचा काही उपयोग नाही.

आता आकार. पहिल्या दुकानदाराची २५६ जीबी मला पसंत नाही. विंडोज ११, त्याचे अपडेट, ऑफिस आणि मुलाची सॉफ्टवेअरं धरली की शंभर जीबी बघता बघता जातात. एसएसडी काठोकाठ भरली की तिला जुनं पुसून नवं लिहायला मोकळी जागा उरत नाही आणि ती मंदावते, म्हणून पंधरा-वीस टक्के रिकामी ठेवावी लागते. मग घरात कायम डी ड्राइव्हवर सरकवासरकव चालते. कुठली फाइल कुठे ठेवली हे सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही, आणि बॅकअप घेताना नेमकं तेच फोल्डर सुटतं. दोन ठिकाणी पसरलेला डेटा हरवायला सोपा, हे मी दुकानात पुन्हा पुन्हा पाहिलंय. तुमचा सगळा ऐवज मिळून तीनशे जीबीच्या आत बसतो. तेव्हा १ टीबीची एकच एनव्हीएमई, सगळं तिच्यावर. दुसऱ्या दुकानदाराचं इथपर्यंत बरोबर आहे. पैसे ओढाताणीचे असतील तर ५०० जीबी चालेल, त्याखाली नको. विंडोजमध्ये १ टीबीच्या जागी ९३१ जीबी दिसले तर फसवणूक झाली असं समजू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढाच तो फरक आहे.

तुमचं काम वेगळं असतं तर सल्लाही बदलला असता. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे ग्राहक माझ्याकडे येतात. एकेका लग्नाचं शूटिंग कित्येकशे जीबीचं, त्यांना मी एसएसडीसोबत मोठी हार्ड डिस्क आवर्जून लावायला सांगते, कारण तेवढी जागा एसएसडीत परवडत नाही. घरगुती कामाला ती गरज नाही.

खरेदी करताना मदरबोर्डवर एम.२ चे, म्हणजे एनव्हीएमई बसवायचे दोन स्लॉट आहेत का ते बघा, पुढे जागा कमी पडली तर दुसरी डिस्क टाकता येते. एम.२ हा फक्त आकार आहे, हेही ध्यानात असू द्या. त्याच आकारात साटाचीही एसएसडी येते, आणि घाईत तीच गळ्यात मारली जाते. बिलावर 'एनव्हीएमई' शब्द आणि डिस्कचा सिरियल नंबर लिहून घ्या. सिरियल नंबर नसलेलं बिल वॉरंटीच्या वेळी कामाला येत नाही.

दुकानदाराला विचारायचा खरा प्रश्न कंपनीचा नाही, कारण एकाच कंपनीची एक मालिका उत्तम आणि दुसरी सुमार असू शकते. विचारा, टीएलसी आहे की क्यूएलसी? टीएलसीच्या एका पेशीत तीन बिट साठवतात, क्यूएलसीच्या पेशीत चार. एकाच खोलीत तीनऐवजी चार भाडेकरू कोंबल्यासारखं ते आहे. जागा स्वस्त पडते, पण लिहिणं मंद आणि आयुष्य कमी. क्यूएलसीवर मोठं फोल्डर टाकायला घेतलं की सुरुवातीला वेग झकास दिसतो, मग तात्पुरती राखीव जागा भरते आणि वेग हार्ड डिस्कच्याही खाली येऊ शकतो. तुम्हाला टीएलसी घ्यायची आहे. सोबत टीबीडब्ल्यूचा आकडा बघा, म्हणजे आयुष्यभरात किती टेराबाइट लिहिता येतील याची कंपनीने दिलेली हमी. १ टीबीच्या चांगल्या टीएलसी डिस्कला ६०० च्या आसपास असतो. रोज ५० जीबी लिहिले तरी ६०० टीबी संपायला बत्तीस वर्षं लागतील, आणि घरी रोज ५० जीबी कुणी लिहीत नाही. 'एसएसडी लवकर झिजते' ही भीती घरच्या वापरापुरती मनातून काढून टाका. रुपयांचे आकडे मी मुद्दाम देत नाही, भाव महिन्यामहिन्याला हलतात.

एसएसडीची खरी अडचण वेगळी आहे. हार्ड डिस्क जायच्या आधी बहुधा कुरकुरते, टकटक आवाज करते, कॉम्प्युटर अडखळतो. माणसाला दोन दिवस मिळतात. एसएसडी काल चालू होती आणि आज बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगच्या पडद्यावर) दिसतच नाही, अशी जाते. शिवाय तिच्यावरून डिलीट केलेली फाइल परत काढणं जवळजवळ अशक्य, कारण विंडोज ट्रिम नावाची सूचना देऊन ती जागा आतून साफ करून घेतं. हार्ड डिस्कवरून चुकून पुसलेले बारशाचे फोटो मी कितीतरी जणांना काढून दिले. एसएसडीच्या बाबतीत तसंच विचारायला लोक येतात तेव्हा बहुतेक वेळा हात हलवत पाठवावं लागतं, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

इथून तुमचा दुसरा प्रश्न सुरू होतो.

पुतण्या म्हणतो ते रेड म्हणजे दोन डिस्कवर एकाच वेळी तेच लिहायचं. एक डिस्क स्वतःहून मेली तर काम न थांबता दुसरीवर चालू राहतं. बँकेला, दवाखान्याला, ज्यांना तासभरही थांबता येत नाही त्यांना ते हवंच. पण घरातला डेटा जातो तो केवळ डिस्क मेल्यामुळे नाही. चुकून फोल्डर डिलीट झालं तर दोन्हीकडून त्याच क्षणी जातं. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडवून पैसे मागणारा व्हायरस आला तर दोन्हीकडच्या फाइली कुलूपबंद. वळवाच्या पावसात वीज कडाडली, एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) उडाला आणि जाता जाता बाराऐवजी भलताच व्होल्टेज सोडून गेला, तर दोन्ही डिस्क एकाच वायरवर. कॅबिनेट चोरीला गेलं तर दोन्ही त्याच्यातच.

आणि आपल्याकडे पूर. तुम्ही सांगलीवाडीचे, तुम्हाला मी काय सांगणार. ऑगस्ट २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा धोक्याची पातळी ४५ ची. पाणी उतरल्यावर माझ्या दुकानात (तेही बुडालं होतं, मी बाहेर टेबल टाकून बसले होते) लोक पोत्यात घालून कॉम्प्युटर आणत होते. त्यात खणभागातले एक जुने ग्राहक होते. २०१६ ला त्यांच्या आग्रहावरून मीच त्यांना दोन डिस्क रेडमध्ये लावून दिल्या होत्या, आणि 'आता काळजी नाही' हे वाक्यही माझंच. कॅबिनेट आठवडाभर पाण्याखाली होतं. हार्ड डिस्कला हवेचा दाब समान राहावा म्हणून एक बारीक छिद्र असतं, त्याला आतून धूळ अडवणारी गाळणी असते. गाळणी धूळ अडवते, पुराचं पाणी अडवत नाही. दोन्ही डिस्कच्या चकत्यांवर कृष्णेचा गाळ बसला होता. पुण्याच्या एका लॅबला पाठवून एकीतून निम्मे फोटो निघाले, आणि खर्च नव्या कॉम्प्युटरपेक्षा जास्त आला. बाकीचे फोटो मिळाले ते वेगळ्याच ठिकाणी. विट्याला त्यांच्या मेहुणीकडे दोन वर्षांपूर्वी दाखवायला नेलेली एक पोर्टेबल डिस्क कपाटात तशीच पडून होती. त्या दिवसापासून मी घरगुती गिऱ्हाईकाला रेड लावून देत नाही. दुसऱ्या डिस्कचे तेवढेच पैसे बाहेरच्या डिस्कवर घालायला सांगते.

आपला जिल्हाच असा आहे की कृष्णाकाठी पूर आणि पूर्वेकडे खानापूर, आटपाडी, जत, कवठेमहांकाळला टंचाई. नातीगोती मात्र दोन्हीकडे असतात. त्याचा उपयोग करून घ्या. दोन पोर्टेबल हार्ड डिस्क घ्या, १ टीबीच्या, यूएसबीवर चालणाऱ्या. एकीवर 'अ' आणि दुसरीवर 'ब' असं मार्करने लिहा. 'अ' घरात, वरच्या मजल्यावर, कॉम्प्युटरपासून लांब. 'ब' पूर्वेकडच्या एखाद्या पाहुण्याकडे. महिन्यातून एका ठरलेल्या रविवारी 'अ' लावायची, नवीन काय आहे ते तिच्यावर घ्यायचं आणि काढून ठेवायची. काढून ठेवणं महत्त्वाचं आहे, कायम लावून ठेवलेल्या डिस्कला वीज आणि व्हायरस दोन्ही गाठतात. आणि वर्षातून दोनदा, भाऊबीजेला आणि अक्षय्य तृतीयेला, जाणंयेणं होतंच, तेव्हा 'अ' तिकडे आणि 'ब' इकडे. अक्षय्य तृतीया मुद्दाम सांगतेय, कारण ती पावसाळ्याच्या तोंडावर येते. जुलै-ऑगस्टात पाणी वाढेल तेव्हा उन्हाळ्यापर्यंतचं सगळं आधीच उंचावर पोचलेलं असेल. घरची डिस्क पावसाळ्यात कागदपत्रांच्या पिशवीत टाकून ठेवा. पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे जायला लागलं की तुम्ही जी पिशवी आधी उचलता, त्याच पिशवीत.

या कामाला पोर्टेबल हार्ड डिस्कच का आणि पोर्टेबल एसएसडी का नाही? एक तर स्वस्त. दुसरं, एसएसडीत माहिती विजेच्या भाराच्या रूपात असते, आणि वर्षानुवर्षं वीज न मिळता उष्ण जागी पडून राहिली तर तो भार हळूहळू गळतो. कपाटात पडून राहायच्या कामाला चुंबकीय चकती जास्त भरवशाची. ती हळू असली तरी बिघडत नाही, पहिल्यांदा सगळं भरायला दोनेक तास जातील, नंतर महिन्याला काही मिनिटं. फक्त चालू असताना हलवू नका आणि पडू देऊ नका. 'ब' घेऊन एसटीने जाताना जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवरच्या पिशवीत ठेवा.

कॅसेटींबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तुमच्या यादीत मला तीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटली. शाळेचे तक्ते पुन्हा करता येतील, सातबारा पुन्हा काढता येईल, सॉफ्टवेअर पुन्हा डाउनलोड होईल. वडिलांचा आवाज पुन्हा रेकॉर्ड होणार नाही, आणि कॅसेटची फीतही दरवर्षी थोडी खराब होतेय. तेव्हा उतरवताना एमपीथ्रीमध्ये नको, त्यात आवाजाचा काही भाग गाळला जातो; काही न गाळणाऱ्या वेव्हमध्ये उतरवा. सीडीच्या दर्जाने तासाच्या कॅसेटला साधारण ६३५ एमबी लागतात, चाळीस कॅसेटींचे पंचवीस जीबी. १ टीबीत ते कुठच्या कुठे बसतं. त्यावरून एमपीथ्रीची वेगळी प्रत करा. ती तासाला साठेक एमबीची, म्हणजे चाळीसही अडीच जीबीच्या आत. ही छोटी प्रत गूगलच्या फुकट मिळणाऱ्या १५ जीबीत सहज मावते, आणि भावंडांना ऐकायलाही पाठवता येते. गूगलवर ठेवताना एक जपा: फोल्डर सिंक करून ठेवलं असेल तर इकडे डिलीट केलेलं तिकडूनही जातं. भजनं ब्राउझरमधून एकदा अपलोड करून टाका आणि सिंकपासून लांब ठेवा. मूळ कॅसेटी टाकू नका, पण त्याही त्याच घरात खालच्या फडताळात असतील तर आजच वर हलवा.

विंडोज ११ च्या नव्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की बऱ्याचदा डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येत नाही. चांगलंच आहे, कारण वॉरंटीत डिस्क बदलून मिळते तेव्हा जुनी डिस्क कंपनी ठेवून घेते, तुमच्या डेटासकट. पण उद्या मदरबोर्ड गेला आणि ही डिस्क दुसरीकडे लावायची वेळ आली तर ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती नसेल तर माझ्यासारखीला काहीही करता येत नाही. पहिल्याच दिवशी ती कागदावर उतरवा. एक कागद घरच्या पिशवीत, एक 'ब' डिस्कसोबत.

यूपीएस घ्या, साधा ६०० व्हीएचा पुरे. तो दहा मिनिटं काम चालवायला नसतो, नीट बंद करायला असतो. आणि घरच्या अर्थिंगची तपासणी वायरमनकडून करून घ्या.

कधी वेळ आलीच आणि डिस्क पुरात भिजली, तर ती सुरू करून बघू नका. उन्हात ठेवू नका, हेअर ड्रायर नको, तांदळात पुरणं तर अजिबात नको. गाळ वाळला की चकतीवर घट्ट चिकटतो. ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून तशीच लॅबला द्यायची. २०१९ ला ज्यांनी घाईने डिस्क वाळवून सुरू केल्या, त्यांचे हेड आतल्या आत घासले गेले. एसएसडी भिजली आणि त्या वेळी बंद असली, तर स्वच्छ करून पुरती वाळवल्यावर बऱ्याचदा चालते, पण तेही घरी करायचं काम नाही.

तर खरेदीची यादी एवढीच: १ टीबी टीएलसी एनव्हीएमई एक, १ टीबी पोर्टेबल हार्ड डिस्क दोन, यूपीएस एक. रेड नाही, आतली हार्ड डिस्क नाही. एकदम पैसे नसतील तर 'ब' डिस्क दोन महिन्यांनी घ्या, पण पावसाळ्याच्या आत.

राहिली तुमची जुनी डिस्क. २०१४ ची आहे, तिला नव्या कॉम्प्युटरमध्ये जागा देऊ नका. १२ व्होल्टच्या अडॅप्टरसकट येणारी यूएसबी-साटा केबल मिळते, ती घेऊन डिस्क बाहेरून जोडा. डेस्कटॉपच्या मोठ्या हार्ड डिस्कला नुसत्या यूएसबीची वीज पुरत नाही, म्हणून अडॅप्टर हवाच. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात ती निळी (ठीक) दिसते की पिवळी (धोक्याची) ते बघा. पिवळी, आणि 'रीअलोकेटेड' किंवा 'करंट पेंडिंग' सेक्टरसमोर (म्हणजे डिस्कच्या खराब किंवा संशयास्पद तुकड्यांसमोर) शून्याखेरीज काही दिसलं, तर स्कॅन-बिन चालवत बसू नका, स्कॅनने तिच्यावरचा ताण वाढतो. सरळ कॉपी करायला घ्या. क्रम असा: आधी भजनं, मग फोटो, मग बाकीचं. कॉपी झाल्यावर दहा-बारा फाइली उघडून, ऐकून बघा. त्यानंतर ती डिस्क पुसू नका, तशीच कागदात गुंडाळून तिसरी प्रत म्हणून राहू द्या.

खरं तर नवा कॉम्प्युटर यायची वाटही बघू नका. आतापर्यंत जेवढ्या कॅसेटी उतरवून झाल्यात त्या या क्षणी फक्त त्या २०१४ च्या डिस्कवर आहेत, असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतंय. मुलाकडे ३२ जीबीचा पेनड्राइव्ह असेल, आज संध्याकाळी तेवढं फोल्डर त्यावर घ्या. आणि दुकानदाराने मदरबोर्डचा जो मॉडेल नंबर दिलाय तो कळवा, त्याला एम.२ चे किती स्लॉट आहेत ते बघून सांगते.